प्रेमदास नालबंदाची साक्ष

जाम, ८ फेब्रुवारी १९५४

शकू,

तुझा थोरला भाऊ प्रेमदास, पूर्वीचा चिंधू, प्रभूच्या नावाने तुला सलाम पाठवतो. तू पुलगावात मावशीकडे आहेस आणि शेजारचे बबनराव मास्तर तुला पत्र वाचून दाखवतील, असे मावशीच्या निरोपावरून कळले. मास्तरांनाही सलाम.

तुझा उजवा डोळा गेल्याचे ऐकून मला अत्यंत दुःख झाले. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझा जीव वाचवला, त्यांचे आणि देवाचे आभार. गेले दोन रविवार मंडळीत तुझ्या नावाने प्रार्थना झाली. आमची मंडळी अकरा कुटुंबांची. सर्वांच्या डोळ्यांत पाणी होते.

तू मार्गशीर्षात माझ्याकडे आलीस तेव्हा मी तुला नवऱ्याच्या घरी परत जाण्यास सांगितले, याचा तू राग धरला आहेस असे दिसते. बहिणी, मी जे सांगितले ते आमच्या पाळक ताराचंदसाहेबांच्या शिकवणीप्रमाणेच सांगितले. तुला माझा पूर्वीचा जन्म ठाऊक आहे. जमीनदार मालगुजाराच्या वसुलीसाठी काठी घेऊन मी गावोगाव फिरत होतो, आणि माझे नाव काढले की रडणारी लेकरे गप्प होत. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी मी दारू, शिवी आणि काठी सोडली. देव पवित्र आहे आणि त्याच्या लोकांनी पापापासून वेगळे होऊन तसेच राहावे, अशी त्याची हाक आहे. मी जामच्या चौकात बैलांना नाल ठोकतो. चारी रस्त्यांची घाण तिथे येऊन पडते. मी ती अंगाला लागू देत नाही.

रूपरावाला पंचवीस जानेवारीला वडनेरच्या अलीकडे कोणीतरी मारले व त्याचा गुडघा फोडला, हे तुला समजले असेल. तो तुझा नवरा आहे, म्हणून मला त्याचा आनंद झाला नाही. त्या दिवशी मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझ्या जागेवर काम करत होतो. ठाण्याचा शिपाई चौकशीला आला होता, त्यालाही मी हेच सांगितले.

सोबत एक लुगडे पाठवतो. हिरवे आहे, तुला आवडते तसे.

प्रभूमध्ये तुझा भाऊ,
प्रेमदास


जाम, २१ फेब्रुवारी १९५४

शकू,

लुगडं परत आलं. घडीबी मोडली नाई तू. वर मास्तरची दोन ओळींची चिठ्ठी: "शकुबाई म्हणतात, लुगडं नको आणि पत्रंही नकोत."

मी चिठ्ठी फाडली. मंग हातोडी घेऊन असे नाल ठोकले का एका बैलाच्या खुरातून रक्त काढलं. त्याचा मालक म्हने, "प्रेमदासजी, आज काय झालं तुमाले?" तीन वर्षांत माह्या हातानं बैल जखमी झाला नव्हता.

पह्यलं पत्र माह्या बोलीत नव्हतं हे तू ओळखलं असन. पाळकसाहेबाच्या पोरीनं, सुलोचनानं, ते शुद्ध करून देल्लं. हे मी एकटाच लिहून राह्यलो. चुका असतील तर मास्तर समजून घेतील.

तू काऊन रागावली? त्या दिवशीचं मले सारं आठवते. दुपार होती. माह्यापुढं एक बैल पाडलेला होता, चारी पाय दोरानं बांधलेले, अन् मी चवथ्या खुराले खिळा मारून राह्यलो होतो. तू मोटरीतून उतरली अन् डावं कोपर उजव्या हातात धरून उभी राह्यली. खांद्याचं हाड मोडून कातडीखाली वर आलं होतं. तू म्हनली, "भाऊ, तू त्याले मारू नको. नुस्ता एकडाव घरी चाल अन् दारात उभा राय. तुले पाह्यलं का तो भेते."

मी उठलो नाई. खिळा मारता मारताच तुले सांगतलं का काठीवाला चिंधू आता मेला. मी दारात उभा राह्यलो तर तो शिवी देईन, मले राग येईन, माह्या हातानं पाप होईन. तू घरी जाय, सहन कर, मी प्रार्थना करतो.

तू म्हनली, "तुह्या हातानं पाप होऊ नये म्हणून माहे हातपाय मोडू देतं का?"

अन् मी तुले मोटरीत बसवून देल्लं.

एक गोष्ट कबूल करतो. पाळकसाहेबाईनं असं काही शिकवलं नव्हतं. मी त्याईले विचारलंच नव्हतं. तू आलती हेबी सांगतलं नव्हतं. पत्रात त्याईचं नाव मी आपल्या मनानं घातलं, अन् त्याईच्या बिचाऱ्या पोरीनं ते खरं समजून लिहिलं.

येवढं कबूल केलं. आता तरी दोन ओळी धाड. तो रूपराव मायच्या नावानं कसा बोंबलला, हे मनात आणून तरी तुह्या जिवाले थंड वाटू दे.

तुहा भाऊ


जाम, ९ मार्च १९५४

शकू,

तू लिहू नको म्हनली तरी लिहितो. सांगायले माह्याजोळ दुसरं कोणी नाई.

काल सीताबाई आलती, वडनेरच्या भैयाजी गाडीवानाची बायको. भैयाजी कसा माणूस आहे ते मी तुले काय सांगू? रूपरावानं तुह्या डोळ्यात चुलीतलं जळतं लाकूड खुपसलं तवा गल्लीतलं एकबी दार उघडलं नाई. भैयाजीनं आपली भरलेली गाडी रिकामी केली, तुले वर घातलं, अन् हिंगणघाटच्या टेसनावर नेऊन वर्ध्याच्या गाडीत बसवलं. मलेबी तुह्या डोळ्याची खबर त्यानंच देल्ली, जानेवारीत. मावशीले तर तू मले सांगू नको म्हणून शपथ घातली होती.

भैयाजीले पोलिसानं धरलं. सव्वा महिना झाला. रूपरावानंच त्याचं नाव सांगतलं. दिवाळीनंतर दोघाईचं बाजारात भांडण झालतं, रूपरावानं खोट दडवून एक लंगडा बैल त्याच्या गळ्यात मारला म्हणून. पोलिसाले येवढं पुरलं. भैयाजी त्याईले म्हने, "मी त्या दिवशी जामले गेलतो, प्रेमदासजोळ बैलाले नाल ठोकायले. तो जाग्यावर नव्हता. दुपार कलेपर्यंत मी त्याच्या झाडाखाली बसलो."

म्हणून शिपाई माह्याकडं आलता. मी त्याले म्हटलं, मी दिवसभर इथंच होतो, भैयाजी आला नाई.

शकू, मी भैयाजीले खरंच पाह्यलं नाई.

सीताबाई माह्यासमोर मातीत बसली. म्हने, "ठाण्यातला साहेब मले म्हणते, तो येशूवाला दारू पीत नाई, शिवी देत नाई, खोटं बोलत नाई. तो म्हणते का तुहा नवरा आला नाई, मंग तुहा नवराच खोटा." तिनं सांगतलं, भैयाजीले उलटा बांधून तळव्यावर काठ्या मारल्या. एक काठी मोडली तवा दुसरी आणली. पाय पखालीसारखे फुगले अन् नखं गळून पडली. तो आता रांगते.

मंग तिनं मले हळूच विचारलं, "प्रेमदासजी, तुमाले डुलकी लागली असन का? कोठं पाणी प्यायले गेले असान? आठवून पाहा ना."

मी म्हटलं, आठवत नाई.

जाताना ती पाया पडली. माह्या.

प्रेमदास


जाम, १४ मार्च १९५४, रविवार

शकू,

बबनराव मास्तर, हे पत्र वाचताना एकबी ओळ वगळू नका. तिले झोंबेल असं वाटलं तरी वगळू नका.

रूपरावाले मी मारलं.

भैयाजीनं तुह्या डोळ्याचं सांगतलं तवा मी प्रार्थनेसाठी गुडघ्यावर बसलो. प्रार्थना तशीच टाकून उठलो. भैयाजी जाताना म्हनला होता, "परवा बैल घेऊन येतो, पुढचे नाल पडले." तो येणार हे मले माहीत होतं. तरी पंचवीस तारखेले पह्यल्या मोटरीनं मी हिंगणघाटले गेलो अन् पुढं पायी निघालो. थैलीत नालाची हातोडी होती अन् बैल पाडायचा दोर.

वडनेरच्या अलीकडच्या नाल्याजोळ त्याची गाडी दिसली. तीन वाजले असतील. एकटाच होता, थोडा प्यालेला. मले पाहून हासला. "काय साळेबुवा, आमच्यासाठी प्रार्थना करायले आले का?"

मी बैलाची वेसण धरून गाडी थांबवली अन् त्याले ओढून खाली घेतलं. त्यानं मले दोन बुक्क्या मारल्या. माहा ओठ फुटला. मले बरं वाटलं. मंग बैलाले पाडतो तसं त्याले पाडलं. पायात फास, एक झटका, अन् माणूस उताणा. हात बांधले. मी शिव्या देईन असं त्याले वाटत असन. मी एक शब्द बोललो नाई. त्याचा डावा पाय दगडावर ठेवला अन् गुडघ्यावर हातोडी मारली. पह्यल्या घावात वाटी फुटली. मडकं फुटते तसा आवाज होते. "माय वो!" म्हणून तो ओरडला. दुसरा घाव बसला तवा आवाज निघाला नाई, तोंड नुसतं उघडं राह्यलं. तिसऱ्या घावाची काही गरज नव्हती. तो मी मारला.

हातोडी थांबली तवा मले समजलं का मी गुणगुणून राह्यलो होतो. रविवारी मंडळीत म्हणतो ते गीत.

शकू, मारताना मी मनात म्हनत होतो का हे तुह्या डोळ्यासाठी आहे. ते खोटं आहे. मारताना तू मले एकदाबी आठवली नाई. तीन वर्षं माहे हात उपाशी होते, त्याईले जेवण भेटलं. येवढंच. मालगुजाराकडं असताना एका शेतकऱ्याचा हात मी विहिरीच्या काठावर ठेवून मोडला होता. तवा जसं वाटलं होतं, तसंच वाटलं.

निघताना रूपरावाच्या कानात म्हटलं, "माहं नाव घेतलं तर दुसरा गुडघाबी फोडीन." म्हणून त्यानं भैयाजीचं नाव घेतलं.

हातोडी नाल्याच्या डोहात फेकली. घरी येऊन आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं. रविवारी मंडळीपुढं उभा राहून तुह्या नावानं प्रार्थना केली. सारे रडले. मीबी रडलो. शिपाई आला तवा खोटं तोंडातून असं सहज निघालं का ऐकताना मलेच ते खरं वाटलं.

आज आमचं प्रभूभोजन होतं. मी मंडळीनं नेमलेला वडील आहे, भाकर अन् प्याला मीच साऱ्याईले देतो. सीताबाई मागं दाराजोळ बसली होती. ती ख्रिस्ती नाई. इथं देव लवकर ऐकते असं तिले कोणी सांगतलं असन. प्याला घेऊन मी पाळकसाहेबापुढं आलो अन् नजर सीताबाईकडं गेली, प्याला कलंडून द्राक्षरस त्याईच्या पांढऱ्या कपड्यावर सांडला. ते म्हनले, "प्रेमदास, बरं नाई का?" मी तिथंच उभ्यानं सांगतलं, सीताबाईकडं पाहून. सारं सांगतलं. तुले परत धाडलं तेबी.

मंग सीताबाई उठली, माणसाईतून वाट काढत पुढं आली, अन् तिनं मले चपलीनं मारलं. तोंडावर, थकेपर्यंत. कोणी तिले धरलं नाई. ते बरं झालं.

पाळकसाहेब मले बाजूले घेऊन म्हनले, "दोन दिवस थांब. मंडळी लहान आहे, गाव आधीच आपल्यावर नजर ठेवून आहे. मी विचार करतो." मी म्हटलं, "साहेब, दोन दिवस भैयाजीच्या पायाले पुरतील का?" मंग सांडलेला डाग तसाच ठेवून त्याईनं वरून कोट घातला. आता बाहेर उभे आहेत. आमी दोघं ठाण्यात चाललो.

तू आलती त्या दिवशी माहे हात साफ होते. तीन वर्षांत सगळ्यात साफ. त्याच हातानं मी तुले मोटरीत बसवलं. दोन्ही पापं माहीच आहेत. पण लोकाईले विचारलं का यातलं मोठं कोणतं, तर ते नाल्यावरचं म्हणतील. मी नाई म्हणणार.

चिंधू


वर्धा, कच्च्या कैदेतून, २ मे १९५४

शकू,

हे पत्र पाळकसाहेबाच्या हातून धाडतो. ते दर पंधरा दिवसांनी भेटायले येतात. मंडळीतली चार कुटुंबं सोडून गेली म्हणतात.

ठाण्यात आधी मले हाकलून देल्लं. त्याईले मुजरिम भेटला होता, दुसरा नको होता. पाळकसाहेब दारातून हटले नाई. मंग मी हातोडीची जागा सांगतली. एक पोहणारा उतरवला, दुसऱ्या बुडीत हातोडी वर आली. खोट्या साक्षीनं साऱ्याईले फिरवलं म्हणून दोघा शिपायाईनं मले धुतलं. दोन दाढा गेल्या. ही तक्रार नाई. भैयाजीचे पाय गेले, त्याच्यापुढं दाढा काय.

त्याले सोडलं त्या दिवशी मी गजाआड होतो. सीताबाईचा भाऊ त्याले पाठुंगळी घेऊन चालला होता. माह्यासमोर आल्यावर भैयाजी म्हनला, "थांब." मले वाटलं, थुंकते. तो म्हनला, "प्रेमदास, माहे बैल बायकोनं विकले. आता नाल कोणाले ठोकशील?" अन् हासला. थुंकला असता तर मी पुसलं असतं.

त्याचा राग मले समजते. न समजणारं दुसरं आहे. मी त्याले माफी मागायले तोंड उघडलं अन् तो म्हनला, "आत्ता नाई. आत्ता मले घरी जायचं आहे."

पाळकसाहेबाईनं वकील लावला. तो म्हणते, तुझ्या बहिणीनं येऊन डोळा दाखवला तर शिक्षा निम्मी होईल, भावाचा राग न्यायाधीशाला कळतो. मी नाई म्हटलं. शकू, तू येऊ नको. माह्या शिक्षेसाठी तुहा डोळा मांडून ठेवू नको. बोलावणं आलं तरी मास्तरले सांगून आजारी असल्याचं कळव. नाई, तसंबी नको कळवू. ते खोटं होईन. नुस्तं येऊ नको.

चिंधू


नागपूर, जेल, ४ जुलै १९५४

शकू,

तू आली.

कोर्टात मी तुले सहा महिन्यांनी पाह्यलं. पदर उजव्या बाजूनं पुढं ओढला होता. मास्तर अन् मावशी संग होते. वकिलाले वाटलं मीच बोलावलं, तो खूश झाला. मी त्याले मान हालवून नाई नाई म्हनत होतो, त्याचं लक्षच नव्हतं.

तू काय बोलली ते मी इथं रोज आठवतो. पुन्हा लिहितो, चुकलं असन तर मास्तरनं दुरुस्त करावं.

जजसाहेबानं विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी मारलं?" तू रूपरावाकडं बोट केलं. तो कुबडी धरून बसला होता. तू म्हनली, "यानं. सात वर्षं. खांद्याचं हाड मोडलं, दोन पोरं पोटातच मेली, मंग डोळा घेतला." मंग तू माह्याकडं बोट केलं. "अन् मी याच्याकडं गेलती. याले मारायले नाई बोलावलं. नुस्तं ये म्हटलं. यानं मले परत धाडलं. मोटर सुटेपर्यंत हात जोडून उभा होता."

हात जोडलेले मी विसरलो होतो, शकू. खरंच विसरलो होतो.

साहेब म्हनले, "मग भावानं तुमच्यासाठी याला मारलं, असंच ना?" वकील हासला, त्याले हेच पाहिजे होतं. तू म्हनली, "माह्यासाठी नाई मारलं. त्यानं मले पत्रात लिहिलं आहे." अन् पदरातून ते पत्र काढून मास्तरच्या हातात देल्लं.

साहेबानं कागद खाली ठेवून विचारलं, "बाई, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं बोलायला आलात?"

तू मागं पाह्यलं. भैयाजी भिंतीले टेकून जमिनीवर बसला होता, पाय पुढं पसरून. तू म्हनली, "त्याच्या."

तू गेली. माह्याकडं पाह्यलं नाई.

मले साडेतीन वर्षं सक्तमजुरी झाली. वकील म्हने, बहिणीनं घात केला. रूपरावावर वेगळा खटला लागणार आहे असं साहेबानं लिहून घेतलं. ते ऐकताना रूपराव रडत होता. मी त्याच्या गुडघ्याकडं पाह्यलं. पाय बाहेरच्या अंगानं वळला आहे, जन्मभर तसाच राहीन. मी त्याले म्हटलं, "मी चुकलो." तो घाबरून मागं सरकला.

इथं दगड फोडतो. कैदी मले साधू म्हणतात, मी म्हनू नका म्हणतो. गेल्या सोमवारी आमच्या बराकीत एका म्हाताऱ्या कैद्याले दोघं थाळीनं मारून राह्यले होते. कान फाटला होता, रक्त गळ्यात उतरलं होतं. माहे हात उठले, ते मी पाह्यलं. मंग मी मधात जाऊन उभा राह्यलो. काही केलं नाई. दोन थाळ्या डोक्यावर बसल्या, तिसरी बसली नाई. त्याईले माहं काय करावं ते समजे ना, अन् ते निघून गेले.

मी तिथंच खाली बसलो. शिपायाले वाटलं मार जोरात लागला. शकू, येवढंच होतं ते. तू मले येवढंच मागितलं होतं.

मी तुले उत्तर मागत नाई.

चिंधू


पुलगाव, १ ऑगस्ट १९५४

चिंधूभाऊ,

मी सांगून राह्यली, बबनराव मास्तर लिहून राह्यले. त्याईले म्हटलं, सुधारू नका.

तुही सारी पत्रं ऐकली. पह्यलं ऐकलं तवा म्हटलं, चुलीत घाला. मास्तरनं घातलं नाई. चौदा मार्चचं ऐकलं तवा दोन दिवस जेवली नाई. तुह्यासाठी नाई, भैयाजीसाठी. तो मले गाडीत घालून नेत होता तवा सारी वाट बोलत राह्यला होता, मले झोप लागू नये म्हणून. बैलाईची नावं सांगे, त्याईच्या मायची नावं सांगे. मले काही दिसत नव्हतं, नुस्ता त्याचा आवाज होता. तू त्याले गुंतवलं.

रूपरावाची माय आलती. म्हने, खटला सोडून दे, तो आता लंगडा झाला, तुले मारू शकत नाई, घरी चाल. मी म्हटलं, मारता येत नाई म्हणून मारत नाई, तो चांगला झाला का? ती उठून गेली. मी जात नाई. इथं सूतगिरणीत कामाले लागली. एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसते.

तू पवित्र झाला का नाई, ते मले समजत नाई. तुहे पाळकसाहेब परवा येऊन गेले. मावशीच्या ओसरीवर बसून मले म्हनले, "बाई, मलाही माफ करा, मी दोन दिवस मागितले होते." येवढा मोठा माणूस, माह्याजोळ माफी मागून राह्यला. मी त्याले चहा देल्ला. मास्तरनं मले विचारलं, भावाले माफ केलं असं लिहू का. मी म्हटलं, नका लिहू, मलेच माहीत नाई.

मी वडनेरले गेलती. रूपरावाच्या गल्लीत नाई, भैयाजीकडं. तो अंगणात बसून दोर वळते. उभं करायले दोन माणसं लागतात. सीताबाई निंदायले रानात गेली का तो सकाळी जिथं ठेवला तिथंच असते. सावली सरकली तर उन्हातच राहते. मी त्याले म्हटलं, हाक काऊन मारत नाई? म्हने, कोणाले मारू?

तू सुटशील तवा पुलगावची गाडी धरू नको. आधी वडनेरले जाय. तो तुले घरात घेणार नाई. सीताबाई शिव्या देईन. तरी थांबजो. त्याले उचलून सावलीत ठेवजो. रोज. किती दिवस, ते मले विचारू नको.

त्यानं आता जाय म्हटलं म्हणजे मंग इकडं येजो.

शकू